नदीवर तरंगणारे सांडपाणी

फाल्गुनात नद्यांचे पाणी ओसरू लागले, की पवना, मुळा, इंद्रायणी, पंचगंगा, उल्हास यांच्या पात्रांतून पाणीच दिसेनासे होते. या काठापासून त्या काठापर्यंत रुंद, चकचकीत पानांची दाटी असते आणि तीत मधूनमधून जांभळट निळ्या फुलांचे तुरे. मग ठरलेल्या क्रमाने सारे घडू लागते. वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून येतात, सभागृहात प्रश्न विचारले जातात, निविदा निघतात, पात्रात होड्या आणि यंत्रे उतरतात, काठावर काळपट ढीग साचू लागतात. देहू-आळंदीच्या घाटांवर पालखी सोहळ्याच्या तोंडावर विशेष धावपळ होते. मृगाचा पाऊस पडून नदीला पाणी आले, म्हणजे उरलेसुरले सारे खाली वाहून जाते आणि त्याबरोबर विषयही वाहून जातो. पुढच्या फाल्गुनात पुन्हा तोच क्रम. हा वार्षिक उपचार इतका अंगवळणी पडला आहे, की जलपर्णी काढणे म्हणजेच नदी स्वच्छ करणे असा समज रूढ होऊ पाहत आहे. हा समज चुकीचा आहे, आणि महागही आहे.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातील. खेड्यांतून तिला केंदाळ म्हणतात, आणि त्या शब्दातच तिच्याविषयीचा तिटकारा पुरेसा व्यक्त होतो. मात्र एकोणिसाव्या शतकातील बागशौकिनांना तिच्या फुलांनी भुरळ घातली. शोभेची वनस्पती म्हणून ती उद्यानांच्या हौदांतून जगभर हिंडली आणि हौदांतून सुटून नद्यांत शिरली. आंतरराष्ट्रीय जैवविविधता मंचाने २०२३ साली उपऱ्या, आक्रमक जीवजातींचा जो जागतिक अहवाल प्रसिद्ध केला, त्यात प्रसाराच्या दृष्टीने पहिला क्रमांक जलपर्णीचा लागला. घाणेरी आणि काळा उंदीर तिच्या मागे आहेत. अमेरिकेतील लुइझियाना प्रांताने तर तिच्यापुढे असे हात टेकले, की आफ्रिकेतून पाणघोडे आणून तिच्यावर सोडावेत, अशा आशयाचे विधेयक १९१० साली तेथील संसदेपुढे आले होते. ते संमत झाले नाही, हे त्या देशाचे भाग्य. जलपर्णी गेली असती की नाही कोण जाणे, पाणघोडे मात्र राहिले असते.

या वनस्पतीचे बळ तिच्या देहरचनेत आहे. पानाचा देठ मध्येच फुगलेला असतो, आत स्पंजासारखी हवा भरलेली. त्यामुळे जमिनीचा आधार न घेता ती तरंगते, आणि पाण्याची पातळी कितीही खालीवर झाली तरी तिचे काही बिघडत नाही. मूळ रोपापासून आडवे धुमारे फुटतात, प्रत्येकाच्या टोकाला नवे रोप येते, ते तुटून वाहत गेले की स्वतंत्र संसार मांडते. हवामान उबदार आणि पाणी पोषक असेल, तर एक-दोन आठवड्यांत तिचा विस्तार दुप्पट होतो. शिवाय तिला बी धरते. ते तळाच्या गाळात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते. वरचे सारे उपसून पात्र निर्मळ केले, तरी गाळातील ही पेढी शिल्लकच असते.

पाण्याच्या पृष्ठभागावर असे झाकण बसले म्हणजे खालच्या जगाचे काय होते, हे काठावरून दिसत नाही. निरोगी तळ्यात सूर्यप्रकाश आत शिरतो. त्यावर सूक्ष्म शैवाले आणि बुडीत वनस्पती वाढतात आणि दिवसभर पाण्यात प्राणवायू सोडतात. जलपर्णीची पाने पाण्याबाहेर असल्याने त्यांनी निर्माण केलेला प्राणवायू हवेत निघून जातो, पाण्याच्या वाट्याला येते ती सावली. वारा आणि लाटा यांनी हवा पाण्यात मिसळते, तीही वाट झाकणामुळे बंद होते. दुसरीकडे जुनी पाने आणि मुळे सतत कुजून तळाशी जात असतात आणि त्या कुजण्याला प्राणवायू लागतो. उत्पन्न थांबले आणि खर्च वाढला, असा हा व्यवहार आहे. अशा पाण्यात मरळ, मागूर यांसारखे हवेतून श्वास घेऊ शकणारे मासे तगतात, काटक चिलापीही तग धरते. कटला-रोहूसारखे मासे पहाटेच्या वेळी, प्राणवायू सर्वांत कमी असताना, तोंड वर काढून गुदमरतात. जाळे टाकावयास जागा उरत नाही आणि टाकलेच तर मुळांत गुंतून फाटते, हा मच्छीमारांचा अनुभव तर सार्वत्रिक आहे.

येथे एक भेद मात्र ध्यानात घ्यावयास हवा. काठालगत चार-दोन हात पट्टा असेल तर त्याच्या मुळांच्या जाळीत असंख्य किडे, गोगलगायी, माशांची पिले आसरा घेतात; कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी त्यावरून खुशाल चालत असतात. ती पात्रभर पसरते तेव्हा मात्र हीच जाळी घातक ठरते. बुडी मारून मासे धरणाऱ्या पक्ष्यांना तेथे शिकार मिळत नाही. डासांना मिळते. मॅन्सोनिया जातीच्या डासाची अळी तर तरंगत्या वनस्पतींच्या मुळांना नळी टोचून त्यांतूनच हवा घेते, ती पृष्ठभागावर येतच नाही. केरळातील चेर्तला भागात हत्तीरोगाचा एक प्रकार या डासांमुळे पसरत असे आणि गोंडाळासारख्या तरंगत्या वनस्पती काढणे हा १९८०च्या दशकातील तेथील रोगनिवारण मोहिमेचा मुख्य भाग होता. जलपर्णी आपल्या पानांवाटे पाण्याची वाफही करीत असते. उघड्या पाण्याच्या तुलनेत ती किती पट अधिक होते, याविषयी मापने वेगवेगळी आहेत. पण अवर्षणप्रवण भागातील जलाशयास हा जाच परवडणारा नाही.

एवढ्या उपद्रवी वनस्पतीविरुद्ध युद्ध पुकारणारे आपण पहिले नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगालच्या खाड्या, नाले आणि भातखाचरे तिने व्यापली. लोक तिला ‘जर्मन पाना’ म्हणत. त्या काळी शत्रूच्या नावाने ओळखण्याइतकी ती नकोशी झाली होती. सरकारने १९२१ साली समिती नेमली, तिचे अध्यक्षपद आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्याकडे होते. १९३६ साली खास कायदा झाला आणि आपल्या जागेतील जलपर्णी नष्ट करणे हे जमीनधारकाचे कर्तव्य ठरले. १९३७ च्या निवडणुकीत तिच्या निर्मूलनाचे आश्वासन पक्षांच्या जाहीरनाम्यांत होते आणि फजलुल हक यांच्या मंत्रिमंडळाने त्यासाठी लोकमोहिमाही काढल्या. या साऱ्या धामधुमीत एक प्रश्न मागे पडला. जलपर्णी वाहत्या पाण्यात ठाण मांडू शकत नाही. तिला साचलेले पाणी लागते. बंगालचे वाहते पाणी साचले कशाने? त्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनी रेल्वेच्या आणि रस्त्यांच्या भरावांकडे बोट दाखविले आहे. भरावांनी पुराचे पाणी अडविले, आणि अडलेल्या पाण्यात वनस्पती माजली. कायद्याने मात्र शेतकऱ्याला धरले, भरावाला नव्हे.

महाराष्ट्रातील नद्यांची कथा यापेक्षा फार वेगळी नाही. घाटमाथ्याचे स्वच्छ पाणी धरणांत अडते आणि पावसाळा संपल्यावर शहरांच्या नळांना व कालव्यांना जाते. खडकवासल्याखाली मुठेच्या पात्रात उन्हाळ्यात जे वाहते, त्याला नदीचे पाणी म्हणणे हा सौजन्याचा भाग झाला. त्यात शहराने वापरून टाकलेले पाणीच प्रामुख्याने असते. ते पुन्हा ठिकठिकाणच्या बंधाऱ्यांशी थबकते. साचलेले पाणी, भरपूर ऊन आणि अखंड खतपुरवठा! एखाद्या रोपवाटिकेने यापेक्षा अधिक काय करावे?

तरंगत्या तणावर मात झाल्याचे उदाहरण पाहावयाचे असेल, तर ते केरळातच सापडते. पण ते जलपर्णीचे नव्हे, तिच्या एका जातभगिनीचे. साल्व्हिनिया ही तरंगती नेचेवर्गीय वनस्पती १९५०च्या दशकात तेथे आढळली आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत कुट्टनाडच्या कालव्यांवर आणि भातशेतीवर तिने राज्य केले. लोक तिला ‘आफ्रिकन पायल’ म्हणत. नावा अडत, लावणीपूर्वी शेते साफ करण्याची मजुरी अंगावर पडे. या वनस्पतीला खाणारा कीटक शोधण्याचे प्रयत्न जगभर चालू होते, परंतु सुरुवातीस ते फसले. कारण मोठे उद्बोधक आहे. वनस्पतीची ओळखच चुकलेली होती. ती नवी जात आहे हे १९७२ साली स्पष्ट झाले. १९७८ साली तिचे खरे माहेर ब्राझीलच्या आग्नेय भागात सापडले, आणि तेथेच तिच्यावर जगणारा, जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचा काळा भुंगेराही सापडला. ऑस्ट्रेलियातील मूनडारा जलाशयात १९८० साली तो सोडला गेला, आणि वर्ष-सव्वा वर्षात त्याने सुमारे १८ हजार टन वनस्पतीचा फडशा पाडला. तेथून तो बंगळुरूमार्गे केरळात आला. १९८३ पासून त्याची सोडणूक सुरू झाली आणि १९८०चे दशक संपण्याच्या आत कुट्टनाडचे कालवे पुन्हा नावांना मोकळे झाले.

याच प्रयोगाचा पापुआ न्यू गिनीतील एक प्रसंग विशेष सांगण्याजोगा आहे. तेथील सेपिक नदीच्या तळ्यांत सोडलेले भुंगेरे आरंभी मूळ धरीनात. पाण्यात नत्र कमी, म्हणून वनस्पती निकस, आणि निकस वनस्पतीवर भुंगेऱ्यांची वीण होत नसे. शास्त्रज्ञांनी मग वनस्पतीला चक्क युरिया घातला! ती सकस झाली, भुंगेरे वाढले आणि त्यांनी तिला संपविले. पाण्यातील तणाचा प्रश्न हा त्या पाण्यातील नत्राचा प्रश्न असतो, हे याहून सुबोधपणे कोणी सांगितलेले नाही.

मग जलपर्णीवरही भुंगेरे का सोडू नयेत, असे कोणीही विचारील. गाजरगवतावर मेक्सिकन भुंगेरे सोडल्याचे महाराष्ट्रातील शेतकऱ्यास चांगलेच ठाऊक आहे. वस्तुतः जलपर्णीचे भुंगेरेही १९८० च्या दशकाच्या आरंभीच बंगळुरूस आणले गेले, आणि त्या परिसरातील काही तलावांत दोन-तीन वर्षांत त्यांनी उत्तम यश मिळविले. मणिपूरच्या लोकताक सरोवरातही त्यांचा उपयोग झाला. परंतु त्याच बंगळुरूचे बेळंदूर आणि वर्तूर हे तलाव पुढे सांडपाण्याने भरले, जलपर्णीने झाकले गेले, आणि २०१५ नंतरच्या काही वर्षांत बेळंदूरच्या फेसाने व आगींनी जगभर अपकीर्ती मिळविली. भुंगेरा पान कुरतडतो, देठ पोखरतो, त्याने झाड दुबळे होते. पण दुबळ्या झाडाला सांडपाण्याचा खुराक सतत मिळत राहिला तर त्याची वाढ भुंगेऱ्याच्या भुकेपेक्षा वेगाने होते. आणि नदीत तर त्याला बस्तान बसविण्यासही सवड नाही. अंड्यापासून भुंगेरा होण्यास दोन-तीन महिने लागतात. उन्हाळ्यात यंत्र येऊन वनस्पतीसह तो काठावर फेकते आणि त्यातून वाचलेला पावसाळ्यात पुराबरोबर जातो. स्थिर तलावांसाठी हा उपाय जरूर करावा. नदीसाठी त्याची भलावण करणे म्हणजे लोकांची दिशाभूल करणे होय. तणनाशकाची फवारणी तर याहून वाईट. मेलेली जलपर्णी तळाशी बसते, एकदम कुजते, आणि उरलासुरला प्राणवायू संपविते.

राहिला उपसण्याचा मार्ग. त्याचा हिशेब साध्या आकडेमोडीने होण्याजोगा आहे. जलपर्णीत नव्वद ते पंचाण्णव टक्के पाणी असते. एक टन ओली जलपर्णी वाळविली तर पन्नास-साठ किलो उरते आणि तीत नत्र जेमतेम एक-सव्वा किलो. भारतातील एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला सुमारे अडीच ते पावणेतीन किलो नत्र बाहेर पडते. म्हणजे एका माणसाच्या वाट्याचे नत्र जलपर्णी उपसून परत काढावयाचे, तर वर्षाला दोन टनांहून अधिक जलपर्णी काढली पाहिजे. पन्नास लाख वस्तीच्या शहराचे सारे सांडपाणी नदीत गेले असे धरल्यास हा आकडा एक कोटी टनांच्या पुढे जातो. निम्मेच गेले असे धरा, पन्नास लाख टन होतात. दहा टनांच्या ट्रकांनी ती हलवावयाची म्हटली तरी पाच लाख खेपा. कोणतीही निविदा या हिशेबाच्या जवळपास फिरकत नाही. जी वनस्पती निघते, तीही पुष्कळदा काठावरच कुजते आणि तिच्यातील नत्र व स्फुरद पहिल्या पावसात पुन्हा पात्रात उतरतात.

तिचे खत करावे, वायू करावा, टोपल्या विणाव्यात, अशा सूचना नेहमी होतात. बांगलादेशात गोपालगंज-बारिसाल भागात शेतकरी जलपर्णीचे थर रचून त्यांवर तरंगते मळे पिकवितात आणि ही परंपरा खरोखर अभ्यासनीय आहे. परंतु तेथील पाणी औद्योगिक शहरांच्या खालचे नव्हे. जलपर्णी पाण्यातील जड धातू मुळांत साठविते. कारखान्यांचे पाणी मिसळणाऱ्या नदीतील जलपर्णीचे खत तपासल्यावाचून भाजीच्या वाफ्यात घालणे धोक्याचे आहे.

समजा, एखाद्या वर्षी सारी जलपर्णी खरोखरच काढली. पाण्यातले नत्र आणि स्फुरद जागच्या जागीच असतील, ऊन आता थेट पाण्यात शिरेल, आणि ते अन्न सूक्ष्म शैवालांच्या तोंडी पडेल. उजनीचे पाणी उन्हाळ्यात हिरवे पडते ते यामुळेच. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे पाणी मुळा-मुठेतून, इंद्रायणीतून भीमेला मिळते आणि भीमा ते उजनीत आणून ठेवते. ११७ अब्ज घनफूट क्षमतेचा हा जलाशय वरच्या शहरांचा शेवटचा हौद बनला आहे. शहराच्या पुलाखालून जलपर्णी खाली ढकलली गेली, म्हणजे तिच्याविषयीची तक्रार फक्त तालुका बदलते.

या प्रश्नाचे मूळ मैलाशुद्धीकरणात आहे, आणि तेथील स्थिती कागदोपत्रीही समाधानकारक नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत दररोज सुमारे ७२ हजार दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते, आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होते ते सुमारे २० हजार दशलक्ष लिटर. याच मंडळाने २०२२ साली देशात नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे मोजले. त्यांपैकी ५५, म्हणजे सर्वाधिक, महाराष्ट्रात होते. मुळा-मुठेसाठी जपानच्या कर्जसाहाय्याची ९९० कोटींची योजना २०१६ साली मंजूर झाली. तीत ११ शुद्धीकरण केंद्रे होती, परंतु कामे सुरू होण्यातच वर्षांमागून वर्षे गेली.

केंद्रे उभी राहिली म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. रूढ पद्धतीचे केंद्र सांडपाण्यातील सेंद्रिय घाण कमी करते, दुर्गंधी घालविते. विरघळलेले नत्र आणि स्फुरद काढण्यासाठी वेगळी प्रक्रिया लागते. शुद्ध केलेल्या पाण्यात नत्र किती असावे, याची मर्यादा केंद्र सरकारच्या २०१५ च्या मसुद्यात होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रत्यक्ष अधिसूचना निघाली, तेव्हा ती गळली. सेंद्रिय भार, तरंगते कण, जंतू यांची मोजदाद राहिली. जलपर्णीचे खाद्य तेवढे यादीतून उतरले. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१९ मध्ये अधिक कडक मर्यादांच्या बाजूने निर्णय दिला. ही केंद्रे चालविणाऱ्या नगरपालिका व महापालिका आपण किती दशलक्ष लिटर पाणी शुद्ध केले, हे मोठ्या अभिमानाने सांगतात. त्यात नत्र आणि स्फुरद किती उरले, हे त्यांच्या प्रसिद्धीपत्रकांत शोधूनही सापडत नाही.

उपसणे अजिबात थांबवावे, असा याचा अर्थ नव्हे. पण ते वेळेवर व्हावे. पावसाळा सरल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षात, बंधाऱ्यांच्या कडेला जलपर्णीचे लहान लहान पुंजके असतात. त्या वेळी दहा माणसे जे काम करतील ते वैशाखात दहा यंत्रांनी होत नाही. पैशाची मंजुरी मात्र वर्षअखेरीच्या सुमारास हलते आणि काम ऐन उन्हाळ्यात सुरू होते, तेव्हा फुले येऊन बी गाळात पडलेले असते. उपसलेला माल पूररेषेबाहेर नेऊन टाकल्याखेरीज देयक चुकते करू नये, आणि जलपर्णी खालच्या गावाकडे सोडून देणे हा निर्मूलनाचा प्रकार म्हणून मोजला जाऊ नये.

सोलापूर शहर उजनीचे पाणी पिते. पंढरपूरच्या वाळवंटात चंद्रभागेला सोडले जाते तेही उजनीचेच. वरच्या शहरांच्या निविदांवर या दोन शहरांचे मत कोणी विचारीत नाही, आणि तशी कायदेशीर सोयही नाही. निदान पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या प्रत्येक शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातील नत्राचा आणि स्फुरदाचा आकडा रोजच्या रोज प्रसिद्ध व्हावा, आणि तो सोलापूरच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या फलकावर लागावा, एवढी मागणी तेथील लोकप्रतिनिधींनी पुढच्या फाल्गुनाची वाट न पाहता करावयास हरकत नाही.